विस्तवासोबत दिलेल्या बातम्या

सकाळच्या बातम्या संपल्या की मला घरात बसवत नाही. उठतो, दारापर्यंत जातो, परत येतो. चहा मांडतो, अर्धा पितो, अर्धा तसाच राहतो. कधी हिंगणीच्या रस्त्यानं निघतो आणि नाल्यापर्यंत गेल्यावर आठवत नाही कशासाठी निघालो होतो. बायको जाऊन वर्ष होत आलं. लोक म्हणतात, होईल हळूहळू सवय. म्हणू द्या. त्यांच्या घरी बायका आहेत.

मी चौथी शिकलेला माणूस. वाचता येतं, लिहायला हात जड आहे. पण हात गुंतला म्हणजे पाय जरा थांबतात, म्हणून लिहीत आहे. तिच्याबद्दल लिहायचं आहे आणि ती जगभराच्या बातम्या गावात कशी वाटायची त्याबद्दल.

आमचं गाव केळझर आणि हिंगणीच्या मध्ये. सत्तर सालानंतर दोन-तीन हंगाम बरे गेले तेव्हा मी रेडिओ घेतला. आळीत पहिलाच. मी बातम्या ऐकायचो आणि ऐकलं की मला राहवत नसे, कोणाला तरी सांगावंच लागे. पारावर जाऊन सांगून पाहिलं. पारावरच्या माणसांना दोनच बातम्या लागत, कापसाचा भाव काय आणि कोण मेलं. तिसरं काही सांगायला लागलो की कोणीतरी जांभई देई आणि विचारी, "त्यात आपलं काय हाय गा?" मग मी घरी येऊन बायकोला सांगू लागलो.

ती भाकरी थापता थापता ऐकायची. सगळं ऐकायची, पण सगळं ठेवायची नाही. सुपात धान्य पाखडावं तशी बातमी पाखडायची. लढाई, पूर, मारामारी, कोणत्या मंत्र्यानं कोणाला काय म्हटलं, हे सगळं खाली. चांगलं तेवढं वर. त्याला कारण होतं.

आमच्या आळीत तेव्हा सकाळी विस्तव मागायला बाया यायच्या. माचिस सगळ्यांच्या घरी होती, पण पावसाळ्यात ती सादळायची, आणि दुसरं म्हणजे पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्यांवर स्वयंपाक करणाऱ्या घरात सकाळपर्यंत विस्तव टिकत नाही. भुर्रकन जळते पऱ्हाटी. आमची बायको बाभळीचा बुंधा राखेत दाबून ठेवायची, म्हणून आमच्या चुलीत कायम इंगळ सापडायचा. बाया हातात गोवरीचा तुकडा घेऊन यायच्या, ही चिमट्यानं त्याच्यावर इंगळ ठेवून द्यायची. खरं सांगायचं तर विस्तव हे निमित्त होतं. सुनेला सकाळी घराबाहेर पडायला कोणाला विचारावं लागत नसे असं ते एकच काम. विस्तव आणायला चालली म्हटलं की सासूला अडवता येत नसे.

बायकोच्या माहेरी, आष्टीकडे, एक रीत होती. घरचा विस्तव देताना तोंडून वाईट शब्द काढायचा नाही. कोणाचं दुखणं नाही, मरण नाही, शिवी नाही. तो शब्द विस्तवासोबत त्या घरात जातो असं तिची आई म्हणायची. ती रीत हिनं इथं पाळली. बाया दोन घटका थांबणार, आणि वाईट बोलायचं नाही, म्हणजे आळीतल्या अर्ध्या गोष्टी बादच. म्हणून तिला माझ्या बातम्या कामी आल्या.

देवीचा रोग साऱ्या जगातून गेला ही बातमी तिनं सलग कितीतरी सकाळी दिली. आळीत तोंडावर देवीचे वण असलेली एक म्हातारी होती. ती म्हणाली, "गेल्या म्हणजे कुठं गेल्या? देवी काय पाहुनी हाय काय?" ही म्हणाली, पाहुणीच होती, आता घरी गेली. म्हातारी दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत होती.

एकदा रेडिओवर सांगितलं की कुठल्याशा देशात सूर्याच्या उन्हावर वीज करतात. मी मोठ्या कौतुकानं सांगायला लागलो तर ही म्हणाली, त्यात काय नवल, आपण रेडिओचे सेल उतरले की छपराच्या कवेलूवर उन्हात नाही ठेवत? संध्याकाळी वाजतो की नाही? दुसऱ्या दिवशी तिनं बायांना सांगितलं की आपल्यासारखंच तिकडेही करून राह्यले, फक्त मोठ्या प्रमाणात. वाऱ्याच्या चक्कीवर वीज करतात हे सांगितलं तेव्हा एकीनं विचारलं, वारा पडला तर काय करतात मग? ही म्हणाली, "झोपतात. आपून नाई झोपत काय?"

सगळ्यात जास्त हसल्या त्या शेणाच्या गॅसला. शेतीच्या कार्यक्रमात सांगितलं होतं की शेणाचा काला करून खड्ड्यात सोडायचा, त्यातून गॅस निघतो, त्यावर स्वयंपाक होतो, धूर होत नाही. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेजारच्या घरची धाकटी सून तर म्हणे गोवरी हातात धरून अंगणातच बसली. हे मला बायकोनं सांगितलं. मला दिसण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ती धाकटी मला भासरा मानायची. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. सख्खा नव्हतो, आळीच्या नात्यानं होतो, पण रीत तीच. भासऱ्यासमोर सून उभी राहत नाही, बोलत नाही. मी अंगणात असलो की ती कुडाच्या पलीकडूनच परत फिरायची.

तेव्हा बायकोला खोकला सुरू झालेला होता. आम्ही त्याला खोकलाच म्हणत होतो. मग ती पाण्याची गुंडी डोक्यावर घेतली की थांबायला लागली, चार पावलं चालायची आणि उभी राहायची. वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं फोटो काढला, नळी लावून बराच वेळ ऐकलं, आणि मला विचारलं, बिडी पिते का? मी म्हटलं, बाई बिडी कशाला पिईल. तो म्हणाला, मग चुलीवर किती वर्षं बसली? मला वाटलं काय विचारतो हा. जन्मापासूनच की. तो म्हणाला, धूर छातीत बसला आहे, जे खराब झालं ते झालं, ते परत येणार नाही. राहिलेलं सांभाळायचं असेल तर धूर आजपासून बंद.

त्या दिवसापासून मला चैन पडेना. ब्लॉकच्या ऑफिसात चकरा मारल्या, ग्रामसेवकाच्या मागे लागलो, खड्डा खणायला माणसं लावली आणि ते जेवायला बसले की मी स्वतः उतरून खणत बसलो. लोखंडी टाकी वर्ध्याहून बैलगाडीवर आली तेव्हा पारावरची सगळी माणसं उठून पाहायला आली. एकानं विचारलं, "काय गा, विहीर उलटी करून आणली काय?" बायको मला म्हणायची, जरा बसा, काल्याला गॅस धरायला वेळ लागते, तुम्ही टाकीवर नजर लावून बसले तर ती लवकर वर येईल काय? तरी मी दिवसातून कितीदा तरी जाऊन गॅस साठून टाकी वर आली का पाहायचो.

आली एकदाची. निळी ज्योत पेटली. तिनं पहिल्यांदा तिच्यावर वरण शिजवलं आणि चूल सारवून कोरडी ठेवून दिली. पंधरवड्यात तिचा खोकला जरा कमी झाला. मला वाटलं जिंकलं.

आणि बाया यायच्या बंद झाल्या.

पहिल्या सकाळी आल्या होत्या. हिनं शेगडी दाखवली. निळी ज्योत पाहिली, वाकून पाहिली, पण ती गोवरीवर ठेवून नेता येत नाही. दुसऱ्या दिवशी दोघी आल्या, तिसऱ्या दिवशी कोणीच नाही. का येतील? विस्तव नाही तिथं विस्तव मागायला जाते असं सासूला कसं सांगणार? त्या दुसऱ्या टोकाच्या एका घरी जायला लागल्या. तिथं विस्तव मिळायचा, सोबत सासवांच्या चहाड्या मिळायच्या. मी बातम्या सांगत होतो, बायको ऐकत होती, आणि त्या तिच्याजवळच पडून राहत होत्या. बोलणं कमी केलं तिनं. माझ्यासारखीच दारापर्यंत जाऊन परत यायला लागली.

एका सकाळी मी शेतातून लवकर आलो तर घरातून धूर. तिनं चूल पेटवली होती, बाभळीचा बुंधा घातला होता आणि फुंकणी घेऊन फुंकत बसली होती. डोळ्यांतून पाणी, छाती भात्यासारखी. मी फार बोललो. डॉक्टर काय म्हणाला ते बोललो, खड्डा कोणासाठी खणला ते बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गॅसवर अन्न शिजते, मी कुठं नाई म्हणते? पण कोणी येत नाई ना. दिवसभर या भिताडाइले सांगू काय?"

मी म्हटलं, मग मी पेटवतो.

दुसऱ्या दिवसापासून अंगणात, वाऱ्याच्या बाजूला, तीन दगडांची चूल मांडून मी सकाळी बाभूळ पेटवायला लागलो. धूर मी खायचा, ती दूर ओट्यावर बसायची, इंगळ तयार झाला की तिनं यायचं. पारावर बातमी लगेच पोहोचली. म्हातारपणी चूल फुंकून राह्यला, आता लुगडं कधी नेसतो, असं एकानं विचारलं. मी म्हटलं, तुझ्या बायकोचं उतरलेलं असेल तर पाठवून दे. परत कोणी विचारलं नाही.

पण अडचण दुसरीच निघाली. मी चुलीजवळ बसलेला, आणि मी अर्ध्या आळीचा भासरा. कुडापलीकडे बांगड्या वाजायच्या, थांबायच्या, आणि परत जायच्या. ती वैतागून म्हणाली, "तुमी कोठ्यात जाऊन बसा ना. तुमच्या भासरेपणानं विस्तव विझून जाईन." तेव्हापासून असं ठरलं की इंगळ धरला की मी उठून बैलांच्या कोठ्यात जायचं, आणि बाया गेल्यावर ती हाक मारेल तेव्हा बाहेर यायचं.

अशा तऱ्हेनं मी तिच्या बातम्या पहिल्यांदा ऐकल्या. इतकी वर्षं मी तिला सांगत होतो, ती पुढं काय सांगते ते मला माहीतच नव्हतं. कोठ्याच्या भिंतीत वीतभर फट होती. बैल रवंथ करत असायचे, आणि मी त्यांच्यामध्ये उभा. माझीच बातमी, पण ओळखू येत नव्हती. मी सांगितलेलं असायचं की अमुक देशात धरणावर वीज केली. ती सांगायची की तिथल्या बायांना आता दळण हातानं दळावं लागत नाही. रेडिओवर हे नव्हतं. मी कोठ्यातून बाहेर येऊन म्हटलं, हे कुठून काढलं? ती म्हणाली, वीज आली म्हणजे चक्की आलीच असेल, रेडिओवाल्याला नाही सुचलं सांगायचं.

बाया पुन्हा येऊ लागल्या. पूर्वीपेक्षा जास्त, कारण आता इकडे विस्तव, बातमी आणि निळी ज्योत अशा तीन गोष्टी मिळायच्या.

वर्षभरानं पुन्हा वर्ध्याला दाखवायला नेलं. खोकला कमी होता, मी मनात पक्कं धरलं होतं की डॉक्टर शाबासकी देईल. त्यानं ऐकलं, कागद पाहिले, आणि म्हणाला, धूर बंद केला हे चांगलं केलं, नाहीतर आतापर्यंत कठीण होतं. पण छातीची ताकद होती त्यापेक्षा थोडी खालीच आली आहे. अशीच हळूहळू जाणार. ती समोरच बसली होती. त्यानं तिच्यासमोरच सांगितलं. परतताना एसटीत मी सेलूपर्यंत उभाच होतो, जागा होती तरी.

दुसऱ्या सकाळी मी इंगळ धरला आणि कोठ्यात गेलो. बाया आल्या. सगळ्यांना माहीत होतं की काल दवाखान्यात गेलो होतो. शेजारच्या धाकटीनं विचारलं, "जाऊबाई, काय म्हणे डॉक्टर?"

चिमट्याचा आवाज आला. मग बायकोचा.

"छाती मोकळी झाली म्हणे. धूर बंद केला तं आतून धुवून निघते म्हणे हळूहळू."

मी बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो. बाहेर जाता येत नव्हतं. बाया काहीतरी बोलल्या, एकजण हसली, पावलं दूर गेली. तिनं हाक मारण्याची वाट न पाहता मी बाहेर आलो आणि विचारलं, "काऊन खोटं बोलली?"

"चिमट्यात इंगळ होता. काय सांगू मंग?"

"गप राह्याचं."

ती म्हणाली, "त्याइनं विचारलं होतं. विचारल्यावर गप राह्यलं म्हणजे वाईटच सांगितलं ना."

मी अंगणातल्या चुलीवर राख ओढली आणि शेताकडे निघून गेलो.

ती बातमी दुसऱ्या बातम्यांपेक्षा जोरात पळाली. पारावर मला विचारू लागले, वहिनीची छाती गॅसनं मोकळी झाली म्हणतात, खरं काय? मी तोंडाचा फटकळ माणूस, खोटं बोलायला जीभ वळत नाही. म्हणायचो, घरात धूर राह्यला नाही हे खरं आहे. तेवढंच म्हणून उठून जायचो. ग्रामसेवकाला तर आयतं सापडलं. तो आजूबाजूच्या गावांतली माणसं घेऊन यायचा, टाकी दाखवायचा, शेगडी दाखवायचा आणि मग म्हणायचा, या बाईंना विचारा. त्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसून ओट्यावर ताठ बसायची. विचारलं की सांगायची, पूर्वी असं होतं, आता असं आहे. तिचा हात पदराखाली छातीवर दाबलेला असायचा, मला दिसायचा. ती माणसं फाटकाबाहेर गेली की ती आत जाऊन पदराचा बोळा तोंडात धरून खोकायची, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. मी अंगणात इकडून तिकडे चालायचो. कितीदा वाटलं, पळत जाऊन त्या माणसांना थांबवावं आणि खरं सांगावं. फाटकापर्यंत जायचो. परत यायचो.

आळीत एकामागं एक गॅस झाले. पहिला शेजाऱ्याकडे, धाकटीच्या घरी. मग वरच्या आळीत. दरवेळी टाकी आली की ही पाहायला जायची, काठी घेऊन, थांबत थांबत. विस्तव मागणाऱ्या कमी होत गेल्या, कारण त्यांच्याही चुली थंड झाल्या. पण आता त्या तशाच यायला लागल्या होत्या, काही न मागता, आणि सासवांनीही विचारणं सोडलं होतं. मी कोठ्यातच जायचो. ती सवय तशीच राहिली.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. शेवटी पाणी पिण्याएवढाही श्वास पुरत नव्हता. जास्त लिहीत नाही.

गेल्या आठवड्यात सकाळी मी रेडिओ लावून दारात उभा होतो, आत की बाहेर हे ठरत नव्हतं, तर शेजारची धाकटी आली. धाकटी म्हणतो, पण आता तिचा मुलगा तिच्या खांद्याला लागला आहे. मी सवयीनं कोठ्याकडे निघालो. ती पदर डोक्यावर ओढून अंगणात उभी राहिली आणि म्हणाली, "थांबा भाऊजी. तुमालेच विचारायचं हाय." इतक्या वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. आवाज मात्र मला पाठ होता.

तिनं विचारलं, जाऊबाईंना शेवटी फार त्रास झाला काय.

मी म्हटलं, झाला. आणि मग माझं तोंड थांबेना. म्हटलं, ती कधीच बरी नव्हती झाली. डॉक्टरनं मोकळी झाली असं कधी म्हटलंच नव्हतं. खाली जाते म्हणाला होता. तुमच्याशी खोटं बोलली ती, आणि मी कोठ्यात उभा राहून ऐकत होतो.

ती खाली पाहत होती. म्हणाली, "माहीत हाय."

"कोणाले?"

"साऱ्याइले. विहिरीवर येत होत्या ना जाऊबाई. गुंडी उचलताना दिसे आमाले."

"मंग गप काऊन राह्यल्या?"

तिनं पदर सारखा केला. "भाऊजी, आमच्या घरी मी सांगितलं असतं का धुरानं छाती जाते, तं म्हटलं असतं साऱ्याच बाया खोकलतात. जाऊबाईची छाती मोकळी झाली सांगितलं, तं माणसं पाहाले आली. तेवढ्यानं आमच्या घरी गॅस आला. मी खोट्यानं नाई आणला, जाऊबाईनं दिला तो."

मी विचारलं, तुम्हाला माहीत आहे हे तिला माहीत होतं काय?

"होतं. एक दिवस तुमच्याबद्दल म्हणाल्या, याइले सांगू नका वं. याइले वाटते का हे आपल्या एकट्याच्याच डोक्यावर हाय. वाटू द्या. काहीतरी लागते माणसाले."

मला राग आला. कोणाचा ते कळलं नाही. आत गेलो, पाण्याचा तांब्या उचलला, ठेवला, बाहेर आलो. इतकी वर्षं मी फाटकापर्यंत जाऊन परत येत होतो, आणि आळीतल्या सगळ्या बायांना माहीत होतं मी का येतो-जातो. कोठ्याच्या फटीतून मीच त्यांना ऐकत होतो असं मला वाटायचं, त्याही मला पाहत होत्या.

ती अजून उभी होती. म्हणाली, "बसा ना भाऊजी एका जागी."

मी म्हटलं, बसतो. पण बसलो नाही. ती ओट्याच्या कडेला टेकली आणि मी चालत राहिलो, आणि चालता चालता तिला सकाळी रेडिओवर काय सांगितलं ते सांगत राहिलो. सगळंच सांगितलं, वाईटसुद्धा. मला पाखडता येत नाही.